केबलचा शब्द किती मानावा?

आपल्या माहितीतला फार मोठा भाग दुसऱ्याने सांगितलेला असतो. आपली जन्मतारीख, औषधाच्या गोळीत नेमके काय आहे, पृथ्वीचा परीघ किती, यातले आपण स्वतः काहीच तपासलेले नसते. अशा ऐकीव माहितीला ज्ञान म्हणायचे का, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. नैयायिकांनी शब्दाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीला बसवले. वैशेषिकांनी आणि दिङ्नागासारख्या बौद्धांनी त्याचे वेगळेपण नाकारून तो अनुमानात जमा केला. चार्वाकाने शब्द आणि अनुमान या दोघांनाही बाहेर काढले. या वादाचे ग्रंथ वाचताना एक अडचण सतत जाणवते. माणसांच्या व्यवहारात ओळख, आदर, भीती, सवय इतक्या गोष्टी मिसळलेल्या असतात की ‘शब्द मानणे’ ही एकच क्रिया सुटी काढून पाहता येत नाही. ती सुटी काढलेली पाहायची तर एक जागा आज घराघरांत आहे. यूएसबी-सी पोर्टाच्या मागे बसलेला पॉवर डिलिव्हरी कंट्रोलर दर जोडणीला नेमके हेच करतो: ज्याला कधी पाहिलेले नाही अशा उपकरणाचे म्हणणे ऐकतो, ते किती मानायचे ते ठरवतो आणि त्याप्रमाणे वागतो. हे कसे ठरवायचे ते कुणा इंजिनिअरने आधीच लिहून ठेवलेले असते, त्यामुळे विश्वासाचे नियम इथे उघडे वाचायला मिळतात. ते वाचून माझे मत असे झाले आहे की शब्द आरंभी मानावाच लागतो; पण किती मानायचा हे निव्वळ पुराव्याच्या बळावर ठरत नाही. तो खोटा निघाला तर झालेले परत फिरवता येईल की नाही, यावर ते ठरते.

आधी हे संभाषण जवळून पाहू. सी पोर्टाच्या २४ पिनांपैकी सीसी नावाच्या दोन पिना ओळख पटवण्यासाठी आणि बोलण्यासाठी राखलेल्या आहेत. ज्याला वीज हवी आहे त्याच्या बाजूला या प्रत्येक पिनेवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असतो. वीज देणाऱ्याला तो जाणवला की समोर कुणीतरी आहे हे त्याला कळते. तोवर वीज वाहणाऱ्या पिना तो कोरड्याच ठेवतो. देणाऱ्याच्या बाजूचा रेझिस्टर किती ओहमचा आहे त्यावरून घेणाऱ्याला कळते की इथून साध्या यूएसबीपुरता प्रवाह मिळेल, १.५ अँपिअर मिळेल की ३ अँपिअर. इथवर सगळे मुके असते. यानंतर त्याच सीसीच्या तारेवर, सेकंदाला सुमारे ३ लाख बिटांच्या गतीने, निरोप सुरू होतात. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तो वाटेत बिघडला नाही ना हे पाहण्यासाठी एक तपासणी-संख्या असते आणि समोरचा त्याची पोच देतो. लॅपटॉपला समोर मॉनिटर आहे का हे जाणून घ्यायचे असेल तर तो क्रमाने विचारतो: तू कोण, यूएसबीशिवाय आणखी कोणत्या पद्धती (ऑल्टरनेट मोड) तुला येतात, त्या पद्धतीत तू काय काय करू शकतोस. दर पद्धतीला सोळा बिटांचा एक क्रमांक आहे. डिस्प्लेपोर्टचा एफएफ०१, तर थंडरबोल्टसाठी इंटेलचा ८०८७. मग चौथा निरोप जातो, त्या पद्धतीत शिरण्याचा. उत्तर होकार, नकार किंवा ‘आत्ता गुंतलो आहे’ एवढेच येऊ शकते. प्रश्नाला सुमारे ३० मिलिसेकंदांत काही उत्तर आले नाही तर समोरच्याला ही भाषा येत नाही असे धरतात. होकार आला की वेगवान तारांच्या पिना आधी निरुपद्रवी स्थितीत नेल्या जातात, आणि नंतरच ठरते की चारही जोड्या चित्रासाठी द्यायच्या की दोन चित्राला आणि दोन यूएसबीला.

कंट्रोलर कॉन्फिगर करणारा इंजिनिअर या संभाषणाच्या दोन्ही बाजू लिहीत असतो. आपले उपकरण स्वतःविषयी काय सांगेल हे तो लिहितो, आणि दुसऱ्याने सांगितलेले किती मानेल हेही. पहिला भाग सरळ प्रामाणिकपणाचा आहे. चिप बनवणाऱ्याने दिलेली नमुना फाइल जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात चार जोड्यांची सोय जाहीर केलेली असली, पण आपल्या बोर्डवर चित्रासाठी दोनच जोड्या ओढलेल्या असल्या, तर लॅपटॉप त्या जाहीरनाम्यावर विसंबून चारही जोड्यांवर चित्र पाठवू लागतो. दोन जोड्या कुठेच पोचत नाहीत, वेगवान यूएसबीही जाते, आणि पडदा काळा राहतो किंवा कमी रिझोल्यूशनवर अडकतो. फाइलीतल्या एका बिटाने केलेले हे असत्य विधान आहे. कुणाचा फसवण्याचा हेतू नसला तरी ते असत्यच. दुसरा भाग माझ्या विषयाचा. ‘मला डिस्प्लेपोर्ट येते’ या उत्तराला लॅपटॉपकडे पुरावा कोणता असतो? कोणताच नसतो. मॉनिटरच्या आत डोकावण्याची त्याला सोय नाही, जुनी ओळख नाही, तिसऱ्या कुणाची साक्ष नाही. तपासणी-संख्या एवढेच सांगते की निघालेला शब्द जसाच्या तसा पोचला. तो खरा आहे असे ती सांगत नाही. तरीही लॅपटॉप पिनांची रचना बदलतो, आणि मानकच त्याला तसे करायला सांगते.

कुमारिल भट्टांनी सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसेच्या बाजूने जे मांडले ते इथे अक्षरशः चालू दिसते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञान खरे ठरण्यासाठी दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागत असेल तर त्या दाखल्यालाही दाखला लागेल, आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. म्हणून ज्ञान उपजताच प्रमाण धरावे. नंतर त्याच्या उलट काही आढळले किंवा ते ज्या कारणाने उपजले त्यात दोष सापडला, तरच ते सोडावे. ऑल्टरनेट मोडची सगळी रचना या तत्त्वावर उभी आहे. होकार आला की मानायचे. पुढे काही बिनसले, मॉनिटरने पद्धतीचा तपशील नाकारला किंवा केबल काढली गेली, की पद्धतीतून बाहेर पडून साध्या यूएसबीवर यायचे. पद्धत जुळलीच नाही तर मॉनिटर-अडॅप्टरसारख्या उपकरणाने सुमारे एका सेकंदात ‘बिलबोर्ड’ नावाचे छोटे यूएसबी उपकरण म्हणून प्रकट व्हावे आणि आपले जमले नाही हे संगणकाला कळवावे, अशीही तरतूद आहे. चुकीच्या विश्वासाची किंमत इथे एका सेकंदाचा काळा पडदा. एवढी किंमत असेल तर आधी पुरावा मागण्यात अर्थ नाही, कारण पुरावा मिळवण्याचा स्वस्तातला मार्ग ‘मानून पाहणे’ हाच आहे.

विजेच्या बाबतीत तेच मानक एकदम वेगळे वागते. तिथे देणारा समोरचा रेझिस्टर मोजल्याशिवाय काही सोडत नाही. सोडतो तेही आधी ५ व्होल्ट. जास्त व्होल्ट हवे तर देणारा काय काय देऊ शकतो ते जाहीर करतो, घेणारा त्यातले एक मागतो, देणारा मान्यता देतो, आणि नवीन व्होल्टेज स्थिर झाले की ‘तयार’ असा निरोप पाठवतो. मध्येच काही फिसकटले तर हार्ड रिसेट होतो: व्होल्टेज शून्यावर आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. केबललाही इथे बोलावे लागते. तिच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिप असेल आणि ती ‘मला ५ अँपिअर झेपतात’ असे म्हणाली तरच ३ अँपिअरच्या वर जाता येते. ती गप्प राहिली तर २० व्होल्टला ६० वॅट ही हद्द. २०२१ साली आलेल्या पॉवर डिलिव्हरी ३.१ ने ही मजल ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत नेली, आणि त्यासाठी केबलने तसे खास सांगणे बंधनकारक केले. म्हणजे मौनाचा अर्थ दोन्ही ठिकाणी ‘नाही’ असाच घेतला जातो. पण चित्राच्या बाबतीत होकार पुरतो, तर विजेच्या बाबतीत होकाराच्या आधी मोजमाप, होकारानंतर पायऱ्या आणि शिवाय जास्त प्रवाह जाणवल्यास तोडणारे संरक्षण असते. सांगणारे दोन्हीकडे तितकेच अनोळखी आहेत आणि पुरावाही तितकाच, म्हणजे शून्य. फरक आहे तो परिणामात. तापून वितळलेली तार पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

नवव्या शतकातले काश्मीरचे जयंत भट्ट ‘न्यायमंजरी’त याच्या अगदी जवळ येतात. रोजच्या दृष्ट व्यवहारात माणूस खात्री नसतानाही पाऊल उचलतो, कारण फळ लवकर दिसते आणि चूक कळून येते. ज्याचे फळ डोळ्यांना दिसणारे नाही आणि ज्यासाठी फार खर्च व कष्ट पडतात अशा वैदिक कर्मांत मात्र शहाणा माणूस प्रामाण्याचा निश्चय झाल्याशिवाय पडत नाही, असे ते म्हणतात. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते, पण त्यांनी कारण म्हणून खर्चावर जो भर दिला तो मला थोडा हलवायचा आहे. खर्च मोठा असूनही पाऊल मागे घेता येत असेल तर माणूस करून पाहू शकतो. खर्च लहान असून पाऊल मागे घेता येत नसेल तर थांबणे शहाणपणाचे. डिस्प्लेपोर्टसाठी पिना बदलणे हे कंट्रोलरच्या दृष्टीने लहान काम नाही, त्यात मल्टिप्लेक्सर, घड्याळ, चित्राची सगळी यंत्रणा हलते. तरी ते शब्दावर होते, कारण ते उलटवता येते. २० व्होल्ट सोडण्याचे काम एका स्विचचे. तरी त्याला इतक्या पायऱ्या, कारण समोरचा भाग जळाला तर उलटवायला काही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यंत्रांच्या देवाणघेवाणीला शब्दप्रमाण म्हणणे ही ओढाताण आहे. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द मानावा अशा माणसाची, जी लक्षणे सांगितली, वस्तूचे साक्षात ज्ञान असणे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा असणे, त्यातले काहीच ई-मार्करकडे नाही. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. चिप बोलत नसतेच; कारखान्यात कुणीतरी तिच्यात लिहून ठेवलेले ती वाचून दाखवते. बोलणारा तो लिहिणारा. त्याला तार किती जाड आहे हे माहीत असते आणि त्याने ते खरे लिहिले असेल तर तो आप्त. शिवाय वात्स्यायन त्याच ठिकाणी म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू. कंट्रोलरही मोठ्या कंपनीचा क्रमांक आणि अनोळखी उत्पादकाचा क्रमांक एकाच रीतीने वाचतो. आक्षेपाचा दुसरा धागा जास्त खोल आहे. मीमांसकांच्या मते दोष शब्दात नसतो, बोलणाऱ्यात असतो, आणि म्हणून ज्याला कर्ताच नाही तो शब्द निर्दोष. केबलमधल्या रेझिस्टरला तर ना इच्छा ना लोभ, मग तो कसा फसवेल? पण त्याने फसवल्याची नोंद आहे. जुन्या चौकोनी यूएसबी-एपासून सी कडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर असावा, म्हणजे फोन साध्या पोर्टातून साधाच प्रवाह ओढेल, असा नियम आहे. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या कित्येक केबलमध्ये त्या जागी १० किलोओहमचा होता, ज्याचा अर्थ ‘खुशाल ३ अँपिअर घे’ असा होतो. पलीकडच्या जुन्या पोर्टाला तेवढे झेपेलच असे नाही. गूगलचे इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी अशा केबल एकेक तपासून लोकांसमोर ठेवल्या. रेझिस्टर निर्मनस्क होता, तरी त्याचे विधान खोटे होते, आणि खोटेपणाचा माग लावत गेले की तो भाग निवडणाऱ्या माणसापाशी पोचतो. वेदांच्या अपौरुषेयत्वाचा निकाल या उदाहरणाने लागतो असे मी म्हणणार नाही. पण आपल्या हाती जो शब्द येतो तो कुठल्यातरी तारेने, कुठल्यातरी वाचणाऱ्याच्या तोंडून येतो, आणि तेवढ्यानेही दोषाला वाट मिळते, हे त्या पक्षाला ध्यानात घ्यावे लागेल.

दुसरा आक्षेप दिङ्नागांचा, आणि युरोपात १७४८ साली डेव्हिड ह्यूमने जवळजवळ तोच केला: शब्द मानणे म्हणजे खरे तर अनुमानच. आजवर असे सांगणारे बहुधा खरे निघाले, म्हणून हाही खरा असावा. कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कंट्रोलरला हे लावून पाहावे. त्याला ‘आजवर’ नाही. पहिल्या जोडणीला तो मानतो तसाच हजाराव्या जोडणीला मानतो. आधीच्या हजार केबलांची त्याला आठवण नसते. तेव्हा कुणी म्हणेल की अनुभव कंट्रोलरला नसला तरी मानक लिहिणाऱ्यांना होता. पण ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचे मानक प्रसिद्ध झाले तेव्हा जगात अनुभव घेण्याजोग्या सी केबल नव्हत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्टची ऑल्टरनेट पद्धत जाहीर केली, तीही न पाहिलेल्या उपकरणांच्या भरवशावर. जुन्या तंत्रांचा अनुभव त्यांच्यापाशी होता, हे खरे. मात्र त्यातला किती त्यांनी स्वतः घेतलेला होता? बहुतेक अहवालांतून, सहकाऱ्यांकडून, पुस्तकांतून, म्हणजे पुन्हा शब्दांतूनच आला असणार. शिवाय एफएफ०१ म्हणजे डिस्प्लेपोर्ट हे कोणत्या अनुमानाने कळेल? ते ठरवलेले आहे, संकेत आहे. सांगितलेले समजण्यासाठीच आधी सांगितलेले मानावे लागते. थॉमस रीडने १७६४ मध्ये म्हटले होते की दुसऱ्याचे म्हणणे खरे धरण्याची प्रवृत्ती माणसात जन्मजात आहे, अनुभवाने ती घडत नाही, अनुभव तिला फक्त आवर घालतो. कंट्रोलरच्या फाइलीत हीच प्रवृत्ती जन्मापासून लिहिलेली असते.

मग स्वतः मोजूनच का घेऊ नये, शब्दाचा खटाटोप कशाला, असे चार्वाकाचा अनुयायी विचारील. मोजण्यातही चूक होते, आणि तिचे फार बोलके उदाहरण २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात मिळते. त्यात दोन्ही सीसी पिना एकत्र जोडून दोघींना मिळून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिला होता. साध्या केबलने हा संगणक नीट चालायचा. ई-मार्कर असलेल्या केबलमध्ये मात्र दुसऱ्या पिनेवर सुमारे १ किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर असतो. पिना एकत्र असल्यामुळे तो आणि ५.१ किलोओहमचा असे दोन्ही समांतर आले आणि चार्जरला सुमारे ८३६ ओहम जाणवू लागले. दोन्ही सीसींवर असा लहान रेझिस्टर दिसणे ही ऐकण्याच्या उपकरणाची, म्हणजे हेडफोन-अडॅप्टरची खूण आहे. हुशार चार्जरने तो हेडफोन समजून वीज दिलीच नाही, आणि हलक्या प्रतीचा चार्जर मात्र काही न विचारता संगणक चालवत राहिला. कुणी खोटे बोलले नव्हते, मापही चुकले नव्हते. ८३६ ओहम खरोखरच तिथे होते. चुकला तो मापावरून काढलेला अर्थ. पुढच्या आवृत्तीत बोर्ड दुरुस्त झाला. प्रत्यक्षालाही अशी ओळखीची चूक लागू शकते हे आपल्या दार्शनिकांना शिंपीत चांदी दिसण्याच्या दृष्टान्तापासून ठाऊक आहे. शब्दावर अविश्वास दाखवून प्रत्यक्षाकडे गेल्याने चुकीपासून सुटका होते ही समजूत मात्र आजही घट्ट आहे. इथे मराठी वाचकाच्या मनात ज्ञानेश्वर येणे साहजिक आहे. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून मी हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच असते, अशी भूमिका ‘अमृतानुभवा’त ते घेतात, आणि पुढे शब्दाच्या मर्यादेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहितात. त्या भूमिकेपुढे मी नम्र आहे. पण तिथे विषय स्वतःच्या स्वरूपाचा आहे. जे आपणच आहोत ते दुसऱ्याने सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या आत काय आहे, ही तार किती जाड, त्या पेटीत चित्राची सोय आहे का, याला तो न्याय लागत नाही. तिथे सांगितल्याशिवाय कळत नाही, किंवा जाळून पाहिल्यावर कळते.

आजच्या काळाचा आक्षेप वेगळा आहे. शब्दाची शाश्वती सहीने मिळवावी, असे तो म्हणतो. यूएसबी-सीसाठी तसे मानक २०१६ मध्ये मांडले गेले आणि २०१९ मध्ये त्याचा कार्यक्रम सुरू झाला: चार्जर किंवा केबलने कूटलिपीतले प्रमाणपत्र दाखवायचे, आणि ते पटले तरच यजमान उपकरणाने वीज घ्यायची किंवा पुढचे बोलायचे. हे उपयोगी आहे यात शंका नाही. नक्कल करणाऱ्याला ते अडवते. पण प्रमाणपत्र सांगते ते एवढेच की हे अमुक उत्पादकाचे आहे. त्या उत्पादकाच्या या विशिष्ट केबलमधली ही विशिष्ट तार नीट जोडली गेली आहे, हे ते सांगत नाही. प्रयोगशाळेत नमुना तपासलेला असतो, दर नग नव्हे. आणि प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याच्या सहीवर आणखी कुणाची सही असते, तिच्यावर आणखी कुणाची, आणि शेवटी एक मूळ किल्ली येते जी कारखान्यातच उपकरणात घातलेली असते आणि जिच्यावर कुणाचीच सही नसते. कुमारिलांनी दाखवलेली न संपणारी साखळी इथे बुद्धीने संपत नाही, कुणीतरी एका जागी थांबवायचे ठरवतो म्हणून संपते. परतःप्रामाण्याचे, म्हणजे ज्ञान खरे ठरायला बाहेरचा दाखला लागतो या मताचे, कट्टर समर्थक उदयनाचार्य यांनाही शंकेला सीमा द्यावी लागली. ज्या शंकेवर विश्वास ठेवला तर माणसाची स्वतःचीच कृती बिनबुडाची ठरते तिथे शंका थांबते, असे त्यांचे म्हणणे. मूळ किल्लीवरची शंका अशीच: ती धरून बसले तर पोर्ट उघडण्यालाच अर्थ उरत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मी सांगतो ते सावधपणाचे शास्त्र झाले, ज्ञानाचे नव्हे, असे म्हणता येईल. वाक्य खरे मानायला आधार पुरेसा आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते खोटे निघाल्यास काय जळेल हा दुसरा; पहिल्याचे उत्तर दुसऱ्याने देणे म्हणजे सत्याला नफ्यातोट्याच्या वहीत टाकणे. या आक्षेपातली नैतिक कळकळ मला मान्य आहे. सोयीचे तेच खरे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. केबलला ५ अँपिअर झेपतात की नाही हे तिच्या तांब्याच्या जाडीवर ठरते, माझ्या तोट्यावर नाही. प्रश्न ‘पुरेसा’ या मोजमापाचा आहे. किती आधार पुरेसा, याला कशासाठी पुरेसा हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. तीच केबल, तिचे तेच वाक्य. फोन भरायला ते पुरते आणि २४० वॅटला पुरत नाही, यात विसंगती काही नाही. ज्ञान खरे ठरले हे सफल प्रवृत्तीवरून कळते असे नैयायिकांनी म्हटले तेव्हाच त्यांनी ज्ञान आणि कृती यांची गाठ बांधली होती. ती गाठ मान्य केली की कृतीचे ओझे ज्ञानाच्या कसोटीत येणारच. आणि कंट्रोलरकडे पाहिले तर कृतीहून वेगळे ‘मानणे’ त्याच्यात कुठेच सापडत नाही. त्याने मानले म्हणजे त्याने स्विच उघडला. माणसात याहून जास्त काही असते हे मी नाकारत नाही; पण जेव्हा माणूस म्हणतो की मी अमक्याचा शब्द मानतो, आणि त्या शब्दावर काहीच टाकायला तयार नसतो, तेव्हा त्याने काय मानले हे मला सांगता येत नाही.

यातून कडकपणाचे समर्थन निघते असे वाटेल, म्हणून उलट बाजूही मांडली पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बेन्सन ल्युंग यांनी एक केबल तपासायला जोडली, तर तिच्यात वीज आणि ग्राउंड यांच्या तारा उलटसुलट जोडलेल्या होत्या. त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे गेली. कुठल्याही संभाषणाने हे टळले नसते, कारण बिघाड बोलण्याच्या खालच्या थरात होता. अशा घटनेनंतर सहज सुचणारा उपाय म्हणजे सही नसलेल्या सगळ्यांना दार बंद. उत्पादकाला तसे धोरण लिहिता येते. पण त्याने कोण अडते ते पाहावे. जाड तांबे घालणारा, रेझिस्टर बरोबर निवडणारा, पण प्रमाणपत्राचा खर्च न परवडणारा छोटा उत्पादक अडतो. त्याच्याकडून घेतलेली केबल वापरणारा विद्यार्थी अडतो. खऱ्या बोलणाऱ्याला खोटे ठरवणे हीदेखील चूक आहे, आणि ती करणाऱ्याला कळतही नाही, कारण नाकारलेल्या केबलमधून काय वाहिले असते हे कधीच दिसत नाही. खोटा शब्द मानल्याची चूक काळ्या पडद्यात, वासात, धुरात दिसते. खरा शब्द नाकारल्याची चूक नोंदवणारे बिलबोर्ड कुठल्याच मानकात नाही. म्हणून कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्याने जिथे चूक उलटवता येते तिथे अनोळखी शब्दाला पूर्ण संधी द्यावी, असे मला वाटते. सही नसलेल्या मॉनिटरने डिस्प्लेपोर्ट येते म्हटले तर त्याला पद्धतीत शिरू द्यावे. ई-मार्कर नसलेल्या केबलला ३ अँपिअर द्यावेत, प्रवाहावर लक्ष ठेवून. एखाद्या केबलवरून ५ मागितले गेले आणि आपल्या पोर्टाला जास्त प्रवाह तोडण्याचे संरक्षण नसले, तर मात्र तिचा ई-मार्कर काहीही म्हणो, देऊ नयेत.